खांदा धरलाय, पण ओढायचा कधी? (वाचकांचे प्रश्न)

यावेळच्या पत्रांत निम्मी पत्रं खांद्याचीच निघाली. वडगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, गाव वेगवेगळं पण रड एकच, हात वर जात नाही आणि रात्री झोप नाही. म्हणून कंबर-गुडघेवाल्यांनी एक महिना कळ काढा, यावेळी फक्त खांदा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी बेळगावातल्या वडगावची, वय ५२. घरात दोन माग आहेत, मी आणि मालक मिळून चालवतो. शुगरची गोळी बरीच वर्षं चालू आहे. दिवाळीच्या आधीपासून उजवा खांदा दुखायलाय, आधी वाटलं मागावर ताण आला असेल, आता तर अंबाडा घालता येत नाही, पदर मागनं पुढं घ्यायला हात वळत नाही आणि रात्री त्या कुशीवर झालं की जीव जातोय. आमच्याकडे एकजण तेल लावून हाडं बसवतोय, त्याने हात धरून झटक्यात वर केला, डोळ्यापुढं काजवे चमकले आणि पुढं चार दिवस हात हलवता आला नाही. तो म्हणतोय अजून दोन-तीनदा केलं की सुटतोय. परत जाऊ का?

ताई, जाऊ नका. बाकीचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा फ्रोजन शोल्डरच वाटतोय, तरी एकदा डॉक्टर किंवा फिजिओकडून तपासून घ्या. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, कॅप्सूल म्हणतात तिला. चांगल्या खांद्यात ती ढगळ असते, असायलाच लागते, कारण अंगातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच. या आजारात ती आधी सुजते, मग जाड होते आणि आकसते, खणाचा ब्लाऊज पहिल्या धुण्यात आटला की काखेत कसा धरतो तसं. आता सुजलेल्या पिशवीला झटका दिला की ती कुठेतरी फाटते, आत रक्त उतरतं, सूज अजून वाढते आणि भरून येताना तिथं परत जाड व्रण धरतो. म्हणजे सोडवायला गेलो आणि गाठ अजून घट्ट झाली. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं हाड, पाळी गेल्यावर ते आधीच ठिसूळ व्हायला लागलेलं असतं, अशा झटक्यात दंडाचं हाड मोडू शकतं. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन हात फिरवतात तेव्हासुद्धा सर्जन या गोष्टीला घाबरून असतात आणि इथं तर ओसरीवर तेल लावून चाललंय!

घरी एक साधी तपासणी करा. आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही कोपर कमरेला चिकटवा, हात काटकोनात पुढे धरा आणि कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. डावा सहज उघडेल, उजवा मध्येच थांबेल. आता मालकांना उजवा पंजा हळूच अजून बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेला तरीही तिथंच अडतोय तर दोष बहुतेक पिशवीत आहे. उलट स्वतःला हात उचलत नाही पण दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जातोय असं असेल तर ते प्रकरण वेगळं, तिथं खांद्याचा स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, फाटलाय का ते बघायला लागतं.

हा आजार बहुतेक चाळीस ते साठच्या वयात येतो, बायकांत जास्त, आणि शुगरवाल्यांच्या तर मागेच लागलेला असतो. एरवी शंभरातल्या दोन ते पाच जणांना होतो, डायबेटिस असलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना. रक्तातली जास्तीची साखर कॅप्सूलच्या धाग्यांना चिकटून त्यांचा लवचिकपणा घालवते असं मानतात. तेव्हा शेवटची तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी म्हणतात ती टेस्ट, कधी केली होती ते आठवा आणि सोबत थायरॉईड पण बघून घ्या. बेळगावात राहून कुंद्यासारख्या मिठाईला नाही म्हणणं अवघड आहे हे मान्य, पण सध्या म्हणायला लागेल.

आता मुद्द्याचं. या दुखण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं जास्त आणि हात हळूहळू आखडत जातो, हे दोन ते नऊ महिने चालतं. दुसऱ्यात दुखणं कमी होतं पण हात जाम, हे चार महिने ते वर्षभर. तिसऱ्यात हात सुटायला लागतो, त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षं सुद्धा लागतात. तुम्ही पहिल्या टप्प्यात आहात आणि पहिल्या टप्प्यात ओढायचं नाही. आमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातले लोक पण इथं घाई करतात, पेशंट ओरडला म्हणजे ट्रीटमेंट जोरात चालली असं समजणारे अजून आहेत. नेदरलँड्समध्ये ७७ पेशंटांना दोन वर्षं बघून २००४ साली एक अभ्यास छापून आला. काहींना दुखण्याच्या मर्यादेतच हात हलवायला सांगितला, काहींचा हात दुखण्यापलीकडे ताणला. दोन वर्षांनी हळूवारवाल्यांपैकी ८९ टक्के जवळपास बरे होते, ताणलेल्यांपैकी ६३ टक्के. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण ओपीडीत मला दिसतं ते यापेक्षा वेगळं नाही.

मग करायचं काय, तर आधी दहा-पंधरा मिनिटं शेक. शुगर असल्यामुळे कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी किती गरम आहे ते मालकांच्या हाताने बघून घ्या, भाजल्याचं कळायचंच नाही. मग डावा हात टेबलावर टेकून पुढे वाका, उजवा हात सैल खाली सोडा आणि अंग हलवून तो हात झुलू द्या, पुढे-मागे, आडवा, छोटा गोल. हात उचलायचा नाही, तो लोंबकळायला पाहिजे. कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावाने हा व्यायाम ओळखतात, फ्रोजन शोल्डर हे नाव पण त्याचंच, १९३४ सालचं. त्यानंतर टेबलावर फडकं ठेवून दोन्ही हातांनी ते पुढे सरकवत जायचं, दुखायला सुरुवात झाली की परत मागे. एवढंच, पण दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात ठणका उतरला तर प्रमाण बरोबर, रात्री झोप उडाली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

झोपताना उताणं झोपून उजव्या दंडाखाली, कोपरापर्यंत, घडी घातलेली चादर ठेवा म्हणजे हात मागे लोंबणार नाही. डाव्या कुशीवर झोपलात तर पोटाशी उशी घेऊन त्यावर उजवा हात टाका. नुसत्या एवढ्याने काही जणींची रात्र सुधारलेली बघितलीय. आणि हात गळ्यात बांधून बसू नका हं. मागावरचं कमरेच्या उंचीवरचं काम चालू ठेवा, वर हात ताणून करायचं असेल ते मालकांना सांगा, थोडे दिवस करतील की.

प्रश्न : मॅडम, आम्ही निपाणीचे. आई विड्या वळते, वय ४८. खांदा धरून आता वर्ष होत आलंय, दुखणं बरंच कमी आहे पण हात खांद्याच्या वर जात नाही. रोज फिजिओकडे जायला जमत नाही, विड्या हजारावर हिशोब, गेलं की तेवढे पैसे बुडले. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करते पण दोन महिन्यांत काहीच फरक नाही. घरी काय करून घेऊ?

तुमच्या आईचा टप्पा वेगळा आहे त्यामुळे वर ताईंना सांगितलेलं तुम्ही करत बसू नका. दुखणं ओसरून हात जाम राहिलाय, आता ताणायची वेळ आलीय, फक्त ताणायचं कुठे ते चुकतंय.

आई भिंतीवर बोटं चढवते तेव्हा तिच्या मागे उभी राहा आणि खांदा बघ. खांदा कानाकडे चढत असणार आणि अंग दुसऱ्या बाजूला कलत असणार. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गोल सांध्यातून येतो आणि एक तृतीयांश पाठीवरच्या फऱ्यातून. सांधा जाम झाला की फरा जास्तीचं काम ओढतो, बोटं भिंतीवर वर सरकतात, बघणाऱ्याला वाटतं व्यायाम झाला आणि सांधा आहे तिथंच. भिंतीचा व्यायाम वाईट नाही, पण सगळ्यांना तो एकच माहीत असतो. डॉक्टर सांगतात, शेजारीण सांगते, मोबाईलवर पण तोच.

आधी हात बाहेर फिरायला पाहिजे. फ्रोजन शोल्डरमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते ती हीच हालचाल. हात वर नेताना दंडाचं हाड आपोआप बाहेरच्या बाजूला फिरतं, तेव्हाच त्याचा वरचा उंचवटा खांद्याच्या छपराखालून निसटतो. ते फिरणंच बंद असेल तर हात वर जाताना हाडाला हाड अडतं, मग भिंतीवर कितीही चढा.

तर असं कर. आईला चटईवर उताणं झोपव, गुडघे वाकवलेले. धरलेल्या बाजूच्या कोपराखाली टॉवेलची घडी, कोपर कमरेजवळ, हात काटकोनात वर. दोन्ही हातांत एक काठी द्यायची, केरसुणीचा नको लहान पडतो, लांब झाडूचा दांडा चालेल. आता चांगल्या हाताने काठी ढकलून धरलेला पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा, कोपर जागचं हलता कामा नये, ते सुटतंय का त्यावर तू लक्ष ठेव. जिथं ताण लागतो तिथं थांबून वीस ते तीस सेकंद धरायचं, श्वास न कोंडता, मग सोडायचं. असं चार-पाच वेळा. सकाळी एकदा, दुपारी जेवणाआधी, रात्री झोपताना. गचके नाहीत, ताण लागू दे, चावल्यासारखं दुखू देऊ नको. पंधरा दिवसांनी भिंतीचा व्यायाम परत सुरू कर, पण आरशासमोर, आणि तू तिच्या खांद्यावर हात ठेवून तो वर चढू देऊ नको. बोटं आधीपेक्षा खाली थांबतील, थांबू देत, तोच खरा आकडा. तिथं खडूने खूण कर आणि महिन्यानेच बघ, रोज बघितलं की नुसता हिरमोड होतो.

हात पाठीमागे नेणं सगळ्यात शेवटी सुटतं. टॉवेल पाठीमागून धरून वरच्या हाताने ओढायचा व्यायाम आहे, पण तो बाहेर फिरवणं निम्म्याच्या वर आल्यावर. आधी केला तर खांदा चिडतो.

विडी वळायच्या बैठकीबद्दल पण सांगते. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही कोपर अंगाला चिकटलेले, खांदे पुढे आलेले, असं दिवसभर, म्हणजे दिवसभरात हात एकदाही खांद्याच्या वर जात नाही. विडीमुळे हा आजार होतो असं म्हणत नाही, पण झालेला खांदा सुटायला ही बैठक मदत करत नाही एवढं नक्की. दर तासाला पानं घ्यायला उठेल तेव्हा फरे मागे ओढून दहा वेळा जवळ आणायचे, काम न थांबता होतंय.

रोज फिजिओकडे नाही गेलं तरी चालतंय, पण दोन-तीन आठवड्यातून एकदा तरी दाखवा. घरी जे होत नाही ते तिथं होतं, दंडाच्या हाडाचं डोकं हाताने धरून सांध्यातल्या सांध्यात सरकवणं, मोबिलायझेशन म्हणतो आम्ही. मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओने याच्या चार ग्रेड पाडल्यात, पहिल्या दोन दुखणं शांत करायला, पुढच्या दोन आखडलेपणा काढायला. तुमच्या आईला पुढच्या दोन लागणार. फिजिओ नुसतं मशीन लावून पाठवत असेल तर स्पष्ट विचार की हाताने काही करणार आहात का. निपाणीत सोय नाही झाली तर बेळगावला केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथं दाखवून घरचे व्यायाम नीट शिकून या, एक दिवस बुडेल, पण रोजचा खाडा वाचेल.

प्रश्न : खानापूरहून लिहितोय, रिटायर्ड, वय ६१. बसमध्ये वरचा दांडा धरता येत नाही. एक्सरे नॉर्मल आला तरी डॉक्टर खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणतात. एक्सरे नॉर्मल असताना इंजेक्शन कशाला? आणि मला शुगर पण आहे.

काका, एक्सरेत हाड दिसतं, कॅप्सूल नाही. या आजारात एक्सरे नॉर्मल येणं हेच अपेक्षित, तो काढतात ते सांध्याची झीज किंवा दुसरं काही नाही ना हे बघायला. त्यामुळे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत.

स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण रोज गोळी खाणं आणि सांध्यात एक इंजेक्शन यात फरक आहे. दुखणं जोरात असतं त्या सुरुवातीच्या महिन्यांत ते चांगलं काम करतं, काही आठवडे ठणका उतरतो आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घेता येतो. इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं आणि व्यायाम सोडला तर पैसे पाण्यात. दुखणं संपून नुसता जामपणा राहिला असेल तर इंजेक्शनने फारसं काही होत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारताना रात्री दुखतं की नाही हे आवर्जून सांगा.

शुगर मात्र वाढणार. इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर. आधी कंट्रोलमध्ये आणा, नंतर घरी ग्लुकोमीटरवर रोज बघा, आणि इन्सुलिन चालू असेल तर डोस काय करायचा ते आधीच विचारून ठेवा. बसमध्ये सध्या सीटची कड धरा, ब्रेक लागला आणि धरलेल्या हातावर अंग लोंबलं तर महिन्याची मेहनत जाते.

प्रश्न : फिजिओकडे लावतात त्या शॉर्टवेव्ह (आतून शेक), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी), आयएफटी (सौम्य वीजप्रवाह) यातलं कुठलं मशीन चांगलं? (हुक्केरी)

मशीनने दुखणं थोडं हलकं होतं, हात सुटतो तो हालचालीने. वीस मिनिटं मशीन आणि दोन मिनिटं व्यायाम असं चाललं असेल तर उलटं करायला सांगा.

प्रश्न : वय २४, जिमला जातो, बेंच प्रेस करताना खांदा दुखतो, हात पूर्ण वर जातो. फ्रोजन शोल्डर असेल का? (टिळकवाडी)

नाही वाटत. तुझ्या वयात हा आजार फार क्वचित आणि हात पूर्ण वर जातोय म्हणजे कॅप्सूल मोकळी आहे. बेंच प्रेस थांबव आणि स्नायूबंध तपासून घे.

प्रश्न : डावा खांदा दुखतोय, हार्टचं तर नसेल ना? (संकेश्वर)

हात फिरवला की दुखतो आणि ठेवला की थांबतो, तर बहुतेक खांद्याचंच. पण चढ चढताना किंवा जिना चढताना दुखायला लागतं, छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ यातलं काही सोबत आहे, तर कॉलमला पत्र लिहीत बसू नका, तडक दवाखाना गाठा, आधी ईसीजी. शुगरवाल्यांनी तर जास्तच सावध, त्यांच्यात छातीत न दुखताही अटॅक येतो. तसंच बोटांत मुंग्या, हातातली वस्तू सुटणं असं असेल तर मान बघायला लागते, आणि ताप येऊन खांदा लाल-गरम झाला असेल तर व्यायाम बंद, डॉक्टर.

प्रश्न : चिकोडीजवळ ऊसशेती आहे, वय ५५, शुगर नाही. डावा खांदा दीड वर्षापासून. झोप आता लागते, हात डोक्यापर्यंत जातो पण पाठीमागे खिशापर्यंतच. एका ठिकाणी भूल देऊन हात मोकळा करू म्हणाले, दुसरीकडे दुर्बिणीने ऑपरेशन. पोरगं म्हणतंय करून टाकू एकदाचं. काय करू?

दादा, झोप लागतेय आणि हात डोक्यापर्यंत आलाय म्हणजे तुम्ही तिसऱ्या टप्प्यात शिरलाय. मला विचाराल तर अजून थांबा. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीन गट होते, भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीने कॅप्सूल कापणं, आणि इंजेक्शन देऊन नीट आखलेली फिजिओथेरपी. वर्षभराने तिघांत असा फरकच निघाला नाही की एकच भारी म्हणावं. ऑपरेशनवाल्यांना धोके मात्र जास्त. हे सगळे पेशंट दुखण्यापायी हॉस्पिटलपर्यंत गेलेले होते हे पण लक्षात घ्या.

ऑपरेशन कुणाला सांगतात, तर सहा-आठ महिने मनापासून व्यायाम करून, इंजेक्शन घेऊन हात जिथल्या तिथं आहे आणि कामधंदा अडलाय अशांना. तुम्ही आधी सांगा, व्यायाम केलात का? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. वर निपाणीच्या आईला सांगितलेला काठीचा व्यायाम उद्यापासून सुरू करा, सोबत एक अजून: डावा हात आडवा छातीवरून उजव्या खांद्याकडे न्या आणि उजव्या हाताने कोपर धरून अंगाकडे ओढा, तीस सेकंद. हा भिंतीला पाठ टेकून करा म्हणजे फरा मागे दाबलेला राहतो, नाहीतर फरा सरकतो आणि कॅप्सूलला ताण लागत नाही. पाठीमागे हात न्यायला हाच उपयोगी पडतो. तीन महिन्यांनी खिशापासून वर कमरेच्या पट्ट्यापर्यंत आलात तरी खूप.

औषध मारायचा पंप तेवढा डाव्या खांद्यावर घेऊ नका, आणि ऊसतोडीच्या दिवसात मोळ्या डोक्यावर उचलून द्यायचं काम दुसऱ्याला द्या.

तरीही ऑपरेशनच करायचं ठरलं तर एक गोष्ट आधी पक्की करा. भूल उतरल्यावर लगेच, फार तर दुसऱ्या दिवशी, फिजिओ सुरू व्हायला पाहिजे आणि पहिले दोन आठवडे जवळजवळ रोज. चिकोडीहून रोज जाणं-येणं कोण करणार, पोराला वेळ आहे का, जवळ फिजिओ कोण, हे तारीख घ्यायच्या आधी ठरवा. मोकळा केलेला हात आठवडाभर तसाच ठेवला तर परत धरतो.

आणि पत्राच्या शेवटी विचारलंय ते, त्याच खांद्याला परत सहसा होत नाही, दुसऱ्याला काही जणांना होतो. उजवा पंजा बाहेर उघडताना अडायला लागला की दुखायची वाट न बघता दाखवा.